निळ्या नळीची साक्ष

गतवर्षी याच दिवाळी अंकात श्री. पिंपळकर यांचा लेख प्रसिद्ध झाला होता. मारेगावचे दूध शीतकरण केंद्र बंद पडता पडता कसे वाचले, याची हकिकत त्यांनी त्यात सांगितली आहे. ती खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. खोटी असती तर मी ती पुराव्यानिशी खोडून काढली असती आणि शांत झोपलो असतो. अडचण अशी की ती खरी आहे, रसाळ आहे, ती वाचून माझ्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या संपूर्ण लेखात माझा उल्लेख 'तेथील तत्कालीन प्रभारी' एवढ्यावर उरकलेला आहे.

तो तत्कालीन प्रभारी मी. आडनाव नगराळे. मी संपादकांना रीतसर आक्षेपपत्र पाठवले. उत्तर आले नाही म्हणून स्मरणपत्र पाठवले, त्यावरही मौन पाळले गेले म्हणून पहिल्या दोन्ही पत्रांच्या साक्षांकित प्रती जोडून तिसरे पाठवले. अखेर संपादकांचा फोन आला. म्हणाले, "नगराळे साहेब, आक्षेप छापायची आमच्याकडे सोय नाही. लेख लिहा, लेख छापतो." वाचकांनी याला लेख समजावे. मी याला खुलासा समजतो.

ज्यांनी दूध केवळ पिशवीत पाहिले आहे, त्यांच्यासाठी आमचा व्यवसाय आधी स्पष्ट करणे भाग आहे. निरोगी म्हशीच्या सडातून दूध निघते तेव्हा त्यात जंतू जवळजवळ नसतातच. ते नंतर येतात: हातावरून, शेपटीच्या फटकाऱ्यातून, माशीच्या पायावरून आणि सर्वांत जास्त भांड्यातून. आल्याबरोबर ते वाढत नाहीत. नव्या गावी बदली झालेल्या माणसाप्रमाणे काही काळ अंदाज घेतात. एकदा अंदाज आला की एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. ऐकणाऱ्याला वाटते, आठच तर झाले. परंतु मे महिन्यात मारेगावच्या उन्हात, अंगाच्या उबेचे दूध समोर असताना ही दुप्पट अर्ध्या तासाच्या आत-बाहेर होत राहते, आणि दुपारपर्यंत त्या आठांचे काय होते हे सांगायला आकडे पुरत नाहीत. त्यांना कोणाची मंजुरी लागत नाही. टिपणी वर जात नाही, आक्षेप येत नाही, पदोन्नती अडत नाही. माझ्या सबंध नोकरीत इतक्या सुरळीत वाढलेले दुसरे काही मी पाहिले नाही.

हे जंतू दुधातली साखर खातात व तिचे आम्ल करतात. आम्ल वाढले की दूध फाटते. आपण विरजण लावतो तेव्हा याहून वेगळे काही करत नाही. फरक इतकाच की तेथे जंतू आपल्या निवडीचे असतात आणि वेळ आपल्या सोयीची.

त्यांना रोखण्याचे मार्ग मोजके. पहिला, आत येऊ न देणे. दुसरा, तापवून मारणे. तिसरा, थंड करून निजवणे. थंडीने जंतू मरत नाहीत, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ते फक्त वाढायचे थांबतात आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. शीतकरण केंद्र हे जंतूंचे निजघर असते. तेथे वीज गेली की सगळे जागे होतात.

जागे किती झाले हे पाहण्यासाठी निळ्या रंगाची चाचणी असते. निर्जंतुक काचनळीत दूध घ्यायचे, त्यात ठरावीक निळा रंग मिसळायचा, नळी बंद करून शरीराइतक्या ऊन पाण्यात उभी ठेवायची. जंतू जसजसे दुधातला प्राणवायू संपवतात तसतसा निळा रंग उडतो आणि दूध पांढरे होते. जंतू जास्त तर रंग लवकर जातो, कमी तर तासन्‌तास टिकतो. या चाचणीला ओळख लागत नाही, वशिला कळत नाही. मला ती त्याचसाठी आवडे. एक निवृत्त गुरुजी रोज आपल्या म्हशीचे दूध घेऊन येत आणि नळी निळी राहिली की "तसं लेखी द्या" म्हणून हट्ट धरत, कारण त्यांच्या सूनबाई ते दूध घरात वापरायला तयार नव्हत्या. मी लेखी दिले. सूनबाईंनी त्यावर माझा शिक्का नाही म्हणून तो कागद परत पाठवला. त्या बाईंविषयी मला आजही आदर आहे.

आता पिंपळकर. ते वणीच्या केंद्राचे प्रभारी होते. वणीला कोळशाच्या खाणी आहेत, आणि खाणीला जाणाऱ्या ज्या वीजवाहिनीवर त्यांचे केंद्र होते, तिच्यावर भारनियमन नव्हते. माझ्या केंद्रावर ते सकाळी होते, दुपारी होते आणि वादळवाऱ्याच्या निमित्ताने मधेमधेही होते. आमचे जनित्र आजारी, त्याचे डिझेल मंजुरीच्या प्रतीक्षेत. मी स्वतंत्र वाहिनीसाठी वीज कार्यालयाला किती पत्रे लिहिली ते सांगत नाही. उत्तर प्रत्येक वेळी एकच, अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव पुढे पाठवण्यात आला आहे. त्या अर्जांइतका प्रवास मी स्वतः केलेला नाही.

दूध संघाचा उत्कृष्ट केंद्राचा चषक दरवर्षी वणीला जाई. यवतमाळहून वणीला जाणारा रस्ता मारेगावातून जातो. पिंपळकर चषक मांडीवर घेऊन जीपमधून येत, आणि सरळ पुढे निघून जाण्याची सभ्यता त्यांनी एकदाही दाखवली नाही. उतरत, माझ्या कार्यालयात चहा घेत, चषक माझ्या टेबलावर ठेवत. "पाहा जी नगराळे साहेब, औंदा मोठा देल्ला." मी पाहत असे. मला त्यांच्या चषकाचा हेवा वाटे, विजेचा वाटे, फरशीचा वाटे, आणि कोणत्याही गावात कोणत्याही ओट्यावर टेकले की समोर चहा येण्याच्या त्यांच्या नशिबाचा तर अतोनात वाटे.

याचे कारणही सांगून टाकतो. माझे वडील नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या पिढीतले. त्यांना ज्या ओट्यांवर कोणी बसू दिले नाही, ते ओटे मी नोकरीनिमित्त पुढे पाहिले. ते मला सांगत, "आपल्या तोंडच्या शब्दाले कोणी इचारत नाही बाबू, पण कागदाले उत्तर द्याच लागते." मी कागदाला धरून राहिलो. पिंपळकरांना कागदाची गरजच पडली नाही. त्यांचा तोंडचा शब्द चालत असे. हा फरक चषकाहून मोठा होता.

एका उन्हाळ्यात आमचे दूध वारंवार फाटू लागले. यवतमाळच्या मुख्य दुग्धालयातून टँकर परत येऊ लागले. संघाचे पत्र आले की पुढील तपासणीत मारेगावची नळी समाधानकारक काळ निळी राहिली नाही, तर केंद्र बंद करून संकलन वणीला जोडण्यात येईल. याचा अर्थ समजून घ्या. आमच्याकडे सर्वांत जास्त दूध एका बंजारा तांड्यावरून येत असे. तेथल्या बायकांनी गटातून म्हशी घेतल्या होत्या, घरे त्या दुधावर चालत. ते दूध त्या उन्हात मारेगावपर्यंत कसेबसे टिके. वणीपर्यंत टिकणे अशक्य. केंद्र बंद म्हणजे त्या म्हशी बाजारात. आणि तपासणीसाठी परीक्षक म्हणून संघाने कोणाला नेमावे? श्री. पिंपळकर, वणी.

पत्र वाचून झाल्यावर आमचे यंत्रचालक देवतळे यांनी दार लोटले आणि खिशातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. जखम धुण्याचे औषध असते, पेरॉक्साइड, ते. दुधात थोडे घातले की जंतू दबतात आणि नळी निळी राहते. ते कायद्याने निषिद्ध आहे.

"काय आहे हे?"

"कायी नाही साहेब. तपासणीच्या दिवशी थोडंसं."

"देवतळे, ही भेसळ आहे."

"मले मालूम हाये जी. पण वणीवाले का अमृत पिऊन राह्यले? दरसाली चषक कसा येते त्याहिले? इचार करा."

मी विचार केला. मान्य करतो की त्या विचाराने मला उन्हाळ्यात प्रथमच गारवा वाटला. पिंपळकर पेरॉक्साइड घालतात! सगळे जुळत होते. मी बाटली जप्त केली, जागेवर पंचनामा केला आणि दुसरा पंच उपलब्ध नसल्याने देवतळे यांचीच त्यावर सही घेतली. ते म्हणाले, "माह्याच फाशीवर माहीच सही घेते, असा साहेब नाही पाह्यला." परंतु सही केली.

रविवारी मी एस.टी.ने वणीला गेलो. तेथील केंद्राच्या खिडकीवर सकाळी सुटे दूध मिळे. मी ग्राहक म्हणून रांगेत उभा राहिलो. ग्राहकाला आपण विकत घेतलेल्या दुधाची परीक्षा करण्याचा पूर्ण अधिकार आहे, ही बाब येथे नोंदवून ठेवतो. माझा क्रमांक येण्याआधीच आतून आवाज आला.

"अरे, नगराळे साहेब! लाइनीत काहून उभे? आत या, आत या! कोणं उभं केलं साहेबाले?"

"मी ग्राहक म्हणून आलो आहे."

"मंग गिऱ्हाइकाले चहा नाही पाजत का आमी?"

चहा घ्यावा लागला. चहा दाट होता, उत्तम होता, आणि त्यातले दूध संशयित होते. मी दूध मोजून घेतले, पावती मागून घेतली, बर्फाच्या डब्यात ठेवून मारेगावला आणले. पेरॉक्साइड असेल तर चाचणीत दुधाला तांबूस-गुलाबी छटा येते. मी द्रावण टाकले. नळी उजेडात धरली. दूध पांढरे. द्रावण जुने असेल म्हणून नवे तयार केले. दूध पांढरे. द्रावणच निकामी नाही ना, हे पाहण्यासाठी जप्त केलेल्या बाटलीतला एक थेंब आमच्या दुधात टाकून तीच चाचणी केली. क्षणात गुलाबी.

माझ्या हातात दोन नळ्या होत्या, एक गुलाबी आणि एक निष्कलंक. लबाड माणसाचा हेवा करणे सोपे आहे. तो पकडला जाईल अशी आशा असते. प्रामाणिक माणसाचा हेवा करणाऱ्याला कोणतीही आशा नसते. मी दोन्ही नळ्या धुऊन ठेवल्या आणि वीज कार्यालयाला आणखी एक पत्र लिहिले.

मात्र ते पत्र लिहीत असताना एक गोष्ट मला खटकली. तांड्याचे दूध आणि शेजारच्या एका गावाचे दूध आमच्याकडे एकाच वेळी, एकाच अंतरावरून येई. वीज जाण्याचा प्रश्न त्यांच्या येण्यानंतरचा. मी दोन्हींचे दूध कॅन उघडल्याबरोबर, शीतकरणाच्या आधी, निळ्या रंगाला लावले. गावाचे निळे राहिले. तांड्याचे पाहता पाहता पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे ते दूध वाटेत बिघडत नव्हते. बिघाड घेऊनच निघत होते. हा शोध माझा. पिंपळकरांच्या लेखात तो 'असे लक्षात आले की' या शब्दांनी सुरू होतो. कोणाच्या लक्षात आले, हे तेथे लिहिलेले नाही.

मी दुपारी न कळवता तांड्यावर गेलो. तेथील बायकांच्या गटप्रमुख शेवंताबाई आडे. तांडा त्यांना याडी म्हणे, म्हणजे आई. वयाने नव्हे, दराऱ्याने. कडुनिंबाखाली कॅन ओळीने मांडलेले. राखेने असे घासलेले की त्यात तोंड दिसावे. आमच्या केंद्रातले कॅन इतके स्वच्छ नव्हते. मी एक झाकण उघडले. तळाशी ओंजळभर दूध होते. उन्हाने ते अर्धवट विरजलेले, आंबूस वास सुटलेला. दुसरा उघडला, त्यातही तसेच. तिसऱ्यातही.

"शेवंताबाई, हे काय?"

"दूध हाये जी. दुसरं काय असन?"

"कॅन केंद्रावर रिकामा केला होता ना?"

"रिकामा कायले करीन? दुधाचं भांडं रिकामं घरी नेत नाही आमी. दुधावर दूध पडलं पाह्यजे. नाही तं म्हैस आटते."

"मग घासता कसे?"

"घासाच्या वक्ताले थे दूध दुसऱ्या भांड्यात काढतो. भांडं घासतो. मंग थे दूध वापस टाकतो." आणि मला समजावे म्हणून हळू आवाजात जोडले, "लेकराले आंघोळ घालतांना बाजूले ठेवतो अन् मंग पाळण्यात वापस टाकतो, तसं."

मी तेथेच खाटेवर बसलो. पूर्वी संघाचा माणूस स्वतःच्या कॅनमधून दूध गोळा करी, म्हणून हा रिवाज त्यांच्या घरच्या पितळी भांड्यांपुरता राहिला होता आणि घरचे दूध लगेच तापवले जाई. त्या वर्षी संघाने मोठ्या मनाने घरोघरी कॅन वाटले आणि रिवाज कॅनमध्ये शिरला. त्या माउल्या रोज संध्याकाळी लखलखीत भांड्यात, श्रद्धेने, उत्तम प्रतीचे विरजण लावून त्यावर म्हैस दोहत होत्या. जंतूंना अंदाज घ्यायलाही वेळ लागत नव्हता. ते आधीच कामावर रुजू होते.

माझ्या घरीही धान्याची कणगी कधी खरवडून रिकामी करत नसत, तळाशी मूठभर राहू देत. म्हणून मी कोणाला हसणार नव्हतो. मी केंद्रावर परतलो आणि सूचनापत्र काढले. दुधाचे भांडे पूर्णतः रिकामे करून, उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात पालथे घालून कोरडे करणे बंधनकारक राहील. अन्यथा दूध नाकारण्यात येईल. शास्त्र म्हणून त्यातला एक शब्द आजही मी बदलणार नाही. एक प्रत तांड्याच्या मंडपात चिकटवली, एक गटाला दिली, एक दप्तरी ठेवली. शेवंताबाईंनी आपल्या शाळकरी नातीकडून ते मोठ्याने वाचून घेतले. मग मला म्हणाल्या,

"बम चांगलं लिवलं साहेब. आता हाच कागद म्हशीले वाचून दाखवा."

"बाई, हा नियम आहे."

"नियम तुमच्या घरचा. उद्या माह्या म्हशीनं पान्हा चोरला, तं तुमी येसान का दोहाले?"

सगळा तांडा हसला. दुसऱ्या दिवसापासून तांड्याचे दूध बंद. फाटलेले दूध येत होते तेव्हा केंद्र दर्जासाठी बंद पडणार होते. आता ते दुधाअभावी बंद पडणार होते. देवतळे रिकाम्या टाकीवर बोटांनी ताल धरून म्हणाले, "एक मात्र झालं साहेब. जंतू संपले."

या अवस्थेत पिंपळकर आले. तपासणीच्या आधीच आले, हे परीक्षकाला शोभणारे नव्हते आणि मी तसे त्यांना सांगितले. त्यांनी माझे ऐकून घेतले, माझ्या नळ्यांच्या नोंदी वाचल्या, आणि एकदम माझा हात धरला.

"नगराळे साहेब, हे तुमी शोधलं? विरजणाचं?"

"होय."

"मले जन्मात सुचलं नसतं. चला तांड्यावर."

तांड्यावर ते खाटेवर बसले नाहीत. मातीत बसले. चहा आला. त्यांनी म्हशींची नावे विचारली, कोणती कधी व्याली ते विचारले, एका म्हशीच्या सडावरची जखम पाहून तिला काय लावायचे ते सांगितले. मी उभा होतो आणि घड्याळ पाहत होतो. मग ते सहज म्हणाले,

"शेवंताबाई, भांडं रिकामं नेऊ नये हे खरं हाये. माही मायबी नाही नेत. पण त्यात दूधच पाह्यजे, असं कोणं सांगतलं?"

"मंग काय नेऊ?"

"ज्वारी न्या. कोरडी, मूठभर. केंद्रावर भांडं धुवून, पुसून, त्यात ज्वारी. भांडं काही रिकामं नाही."

शेवंताबाईंनी जवळचा कॅन ओढून त्यात डोकावून पाहिले. बाकीच्या बायका त्यांच्याकडे पाहू लागल्या. मला त्या क्षणी जाणवले की माझे केंद्र, टाकी, नळ्या, माझी सगळी पत्रे, या बाईंच्या पुढच्या वाक्यावर टांगलेली आहेत.

"अन् दुधावर दूध?" त्यांनी विचारले.

पिंपळकर माझ्याकडे पाहू लागले. शेवंताबाईंनीच पदर खोचला आणि म्हणाल्या, "ज्वारी घरी काढून म्हशीच्या तोंडात देतो. मंग दोहतो. भांड्यातलं तिच्या पोटात, तिच्या पोटातलं भांड्यात. झालं का नाही दुधावर दूध?"

"झालं!" पिंपळकर मांडीवर थाप मारून म्हणाले. "अन् भांडं उकळत्या पाण्यानं कसं धुवाचं, उन्हात कसं पालथं घालाचं, थे नगराळे साहेब सांगतीन. हा सगळा शोध त्याहिचाच हाये."

एका म्हातारीने मला न्याहाळले. "हा साहेब? हा तं कागद चिपकवते."

पुन्हा हशा. पिंपळकरांनी त्या दिवशी चारचौघांत मला श्रेय दिले, हे मी नाकारत नाही. परंतु ते तोंडी होते. त्याची पोच माझ्याजवळ नाही, आणि गतवर्षी जेव्हा लेखी देण्याची वेळ आली तेव्हा ते त्यांच्या स्मरणात राहिले नाही. शिवाय खरे सांगायचे तर मला ते नकोच होते. ज्याचा हेवा करावा, त्याच्याच हातून आपल्याला वाटणी मिळावी, यासारखा अपमान नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. तांड्याच्या बायका स्वतः कॅन घेऊन आल्या आणि केंद्राच्या आवारात ओळीने बसल्या. दूध दिल्यानंतर जायचे सोडून त्या बसल्या, कारण निकाल त्यांच्याही म्हशींचा होता. पिंपळकरांनी तुलनेसाठी वणीच्या दुधाचा नमुना बर्फात घालून आणला होता. माझ्या दुधाची एक नळी, त्यांच्या दुधाची एक, दोन्हींत सारखा निळा रंग, दोन्ही एकाच ऊन पाण्याच्या पातेल्यात. आणि अर्थातच वीज गेली.

पाण्याची ऊब कमी-जास्त झाली तर चाचणी बाद. मी तापमापी पाण्यात धरून बसलो आणि देवतळे शेगडीवरच्या किटलीतून थोडे थोडे ऊन पाणी आणून घालू लागले. उजेड नळ्यांवर पडू नये म्हणून खिडकीला गोणपाट लावले होते. दूध फाटत होते त्या दिवसांत नळी जितक्या वेळात पांढरी होई, तो वेळ मागे पडला; माझी नळी निळी होती. समाधानकारक म्हणून संघाने ठरवलेली मर्यादाही ओलांडली. माझी नळी निळी होती. केंद्र वाचले होते. पिंपळकरांनी तसे टिपून घेतले. मी सुटकेचा श्वास टाकला नाही, कारण माझी नजर दुसऱ्या नळीवर होती.

वणीची नळी तळापासून फिकी पडू लागली. पांढरेपणा हळूहळू वर चढला. माझी नळी अजून तशीच.

"गेली!" पिंपळकर ओरडले. "वणीची गेली! मारेगावची टिकली!"

त्यांचे दूध प्रवास करून आलेले होते. ही हरकत त्यांना सहज घेता आली असती आणि ती कायदेशीर ठरली असती. मी त्यांच्या जागी असतो तर घेतली असती. ते मात्र घरात मूल झाल्यासारखे धावत बाहेर गेले. बाहेर एकच गलका झाला. गोणपाटाच्या फटीतून मला दिसले, शेवंताबाईंनी त्यांच्या हातात पेला दिला होता, बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि ते सगळ्यांना नळीची गोष्ट हातवारे करून सांगत होते. हरल्याचा इतका आनंद होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या जिंकण्याने मला तेवढा झाला नाही. आयुष्यभर त्यांच्या चषकाचा, विजेचा, शब्दाचा हेवा केला. त्या दुपारी त्यांच्या त्या आनंदाचाही केला.

नियम असा आहे की शेवटच्या नळीचा रंग पूर्ण जाईपर्यंत परीक्षकाने जागा सोडू नये. परीक्षकाने जागा सोडली होती. मी खुर्ची ओढून पातेल्यापाशी बसलो.

देवतळे दारातून डोकावले. "साहेब, चहा निवून राह्यला. तुमचं नाव घेऊन राह्यले सगळे, या ना."

"रंग जायचा आहे."

"आता कायचा रंग जी? जितलो ना आपन."

"रंग गेल्याशिवाय अहवाल पूर्ण होत नाही. पाणी आणा."

त्यांनी किटली माझ्याजवळ ठेवली आणि ते बाहेर गेले. बाहेरचे आवाज पांगत गेले. मूठभर ज्वारी घातलेले कॅन घेऊन बायका परतल्या, पिंपळकरांची जीप सुरू झाली, त्यांनी बाहेरूनच "येतो जी" म्हटले. मी पाणी घालत राहिलो. ऊन कलल्यावर केव्हातरी नळीचा तळ फिका झाला. निळा रंग पाऊल मागे घेत वर सरकत गेला, आणि अगदी शेवटी, जेथे दुधाला हवा लागते तेथे, नखाच्या कडेएवढी निळी रेघ बराच वेळ उरली. ती केव्हा मिटली ती वेळ अहवालात आहे, अहवाल संघाच्या दप्तरी आहे, आणि तो कोणालाही पाहता येईल. ती रेघ दिसत कशी होती, हे मात्र पिंपळकरांना कधीही लिहिता येणार नाही. त्या खोलीत मी एकटा होतो.